पूल वाढवला नाही, कनेक्शन लवकर सोडलं

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आम्ही काटापावत्यांचं अ‍ॅप चालवतो. जावाची स्प्रिंग बूट चौकट, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, आणि मधे हिकारीसीपी: डेटाबेसची उघडी कनेक्शनं साठवून लागतील तशी देणारा पूल. संध्याकाळी गाड्या भरायला लागल्या की अ‍ॅप अडायचं आणि लॉगमध्ये एकच ओळ: कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर 30000 एमएस. म्हणजे 30 सेकंद थांबूनही कनेक्शन मिळालं नाही.

पूल 10 वरून 50 करा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मला ते पटेना. अ‍ॅपच्या चार प्रती चालतात, प्रत्येकीचा पूल वेगळा. म्हणजे 200 कनेक्शनं, आणि पोस्टग्रेसची मर्यादा मुळात 100. शिवाय डेटाबेसचा सीपीयू निवांत होता! कनेक्शनं काम करत नव्हती, नुसती अडकून पडली होती.

हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड, म्हणजे कनेक्शन किती वेळ परत आलं नाही की इशारा द्यायचा ती मर्यादा, 5000 मिलिसेकंद ठेवला (मुळात तो बंद असतो). संध्याकाळी स्टॅक ट्रेस, म्हणजे कनेक्शन कोडमध्ये कुठून घेतलं याचा माग, हातात आला. पावती सेव्ह करणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसमध्ये एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या) आतूनच शेतकऱ्याला एसएमएस जात होता. एसएमएसचा सर्व्हर रेंगाळला की तेवढा वेळ कनेक्शन धरून ठेवलेलं. कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणाऱ्या पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीतही ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’च्या ओळीच ओळी: ट्रान्झॅक्शन उघडं, काम काहीच नाही.

एसएमएस कमिटनंतर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर, पाठवायला लावला, तोही वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्यावर). हा वेगळा थ्रेड महत्त्वाचा: स्प्रिंगमध्ये कमिटनंतरचा लिसनर (कमिट झालं की चालणारा कोड) त्याच थ्रेडवर चालला, तर तो संपेपर्यंत कनेक्शन पूलमध्ये परत जात नाही.

पूल 10 वरच आहे. कनेक्शन टाइमआउट तेवढा 5 सेकंदांवर आणला. काट्यापाशी उभ्या माणसाला अर्धा मिनिट ताटकळत कशाला ठेवायचं?