ॲम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा: वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गणपती जवळ आले की गल्लोगल्ली पोरं ॲम्प्लिफायरचे बोर्ड जोडायला बसतात. ही हौस जपायला हवी. पण बोर्ड जळला की दोष सोल्डरिंगला दिला जातो. चूक बहुधा आधीच, खरेदी करताना झालेली असते. बोर्ड पहिला घेतात आणि त्याला स्पीकर, सप्लाय मागाहून शोधतात. क्रम उलटा हवा.

बोर्डावर '१००+१०० वॉट' छापलेलं असतं आणि हाताशी असतो १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॉट. त्याहून जास्त सलग येणार कुठून? त्यात १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला ब्रिज जोडणीचा (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारा) आयसी, म्हणजे चिपसुद्धा फार तर ९ वॉट देतो, साधा आयसी दोनच्या आसपास. टीपीए३११६ उत्तम आयसी आहे, पण त्याचे ४ ओहमला ५० वॉट हे २१ व्होल्टवरचे, आणि तेही आवाज फाटू लागल्यावरचे.

वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढाच फरक जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटला जास्त आवाज देणारा स्पीकर घेऊन मिळतो. घरच्या भजनाच्या सरावाला चांगल्या स्पीकरवर ५-१० वॉट भरपूर होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पैसे स्पीकरवर घाला.

टीडीए२०३० हा आयसी घेणाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मर जपून निवडावा. १२-०-१२ (मधल्या तारेपासून दोन्हीकडे १२ व्होल्ट) मधून डायोडनंतर साधारण ±१६ व्होल्ट मिळतात आणि या आयसीची मर्यादा आहे ±१८. १५-०-१५ लावला की ±२० होतात, आयसी गेलाच. रात्री व्होल्टेज चढतं तेव्हा १२-०-१२ वरही फारसा वाव उरत नाही. या आयसीची धातूची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, म्हणून हीटसिंक पेटीला टेकणार असेल तर मधे अभ्रकाची चकती हवीच.

४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. बहुतेक छोट्या बोर्डांना ते झेपत नाही. पीएएम८४०३ सारख्या ब्रिज बोर्डात दोन्ही चॅनेलच्या निगेटिव्ह तारा एकत्र किंवा ग्राउंडला जोडू नका.

गुणगुण येत असेल तर बोर्डाचा इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. थांबली तर दोष इनपुटच्या तारेत किंवा तिच्या ग्राउंडमध्ये. राहिली तर फिल्टर कपॅसिटर आणि सप्लायचं ग्राउंड तपासा. मोबाइलचा चार्जर काढल्यावर थांबत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटांनी झालेलं वेटोळं.

सगळं जुळल्यावरही स्पीकर लगेच लावू नका. इनपुट शॉर्ट ठेवून बोर्डाच्या स्पीकरच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटरने डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील. व्होल्टात रीडिंग आलं तर स्पीकरची कॉइल जळेल. आधी तो दोष काढा.