मायनस नंबर आहे आणि चष्मा काढून स्क्रीन बघता? या चुका टाळा

लांबचं धूसर दिसणाऱ्यांना जवळचा मोबाइल चष्म्याशिवायही लख्ख दिसतो. मग चष्मा काढून बसलं तर बिघडलं कुठे? बिघडत नाही, फक्त आधी एक भागाकार करा. १०० ला आपल्या नंबरने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरपर्यंतच तुम्हाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. मायनस १ असेल तर १ मीटर, मायनस २ ला ५० सेंटिमीटर, मायनस ३ ला साधारण ३३, मायनस ५ ला जेमतेम २०. हिशेब ढोबळ आहे, पण घोळ बहुतेक इथेच होतो.

डोकं स्क्रीनकडे नेणं

लॅपटॉप साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर असतो. मायनस ४ वाला चष्मा काढून बसला की नकळत पुढे सरकतो, मान पुढे, खांदे वर, नाक स्क्रीनपासून वीतभर अंतरावर. इतक्या जवळ दोन्ही डोळ्यांना सतत आत वळून राहावं लागतं. संध्याकाळी मान आणि कपाळ दुखतं आणि खापर फुटतं 'नंबर वाढला असेल' यावर. खात्री करायची तर पाठ खुर्चीला टेकवून बसा आणि नेहमीच्या आकाराची अक्षरं वाचून बघा. वाचता येत नसतील तर या कामाला चष्मा हवा. अक्षरं मोठी केल्याने वाचता येईल, पण धूसरपणा तसाच राहील.

एकाच डोळ्यावर काम भागवणं

एक डोळा मायनस १ आणि दुसरा मायनस ४ असेल, तर ४० सेंटिमीटरवरचा मजकूर पहिला डोळा वाचतो आणि दुसरा नुसता हजेरी लावतो. आलटून पालटून एकेक डोळा झाका, लगेच कळेल. सिलिंडर नंबर (डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याने लागणारा) असेल तर अंतर बरोबर असूनही काही रेघा पुसट दिसतात. मग माणूस डोळे बारीक करतो. फट लहान झाली की चित्र थोडं रेखीव होतं, म्हणून ही सवय सुटत नाही. अशांनी चष्मा काढूच नये, असं माझं मत.

नंबर वाढेल म्हणून मुलांचा चष्मा काढून ठेवणं

हा समज फार चिवट आहे. २००२ मध्ये मलेशियातल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर थांबला नाही, उलट थोडा जास्तच वाढला. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो. डॉक्टरांनी सांगितला तसा चष्मा घालू द्या, रोज दोनेक तास उजेडात बाहेर खेळू द्या, आणि मोबाइल नाकाला लावू देऊ नका.

चाळिशीनंतरही हट्टाने चष्मा न काढणं

ही उलटी चूक. चाळिशी लागल्यावर लांबच्या चष्म्यातून मोबाइल वाचणं जड जातं. तुमचा नंबर मायनस २ ते ३ असेल आणि दोन्ही डोळ्यांत फारसा फरक नसेल, तर खुशाल चष्मा काढून वाचा.

बाकीच्या तक्रारींचा चष्म्याशी संबंध कमीच. डोळे चुरचुरतात कारण स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पैसे घालवण्याआधी हे ऐका: अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. तासन्‌तास जवळ बघून उठल्यावर लांबचं धूसर वाटत असेल, तर दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर लांब बघा. तरीही तसंच राहिलं, तर डोळ्यांत थेंब घालून नंबर तपासून घ्या.

मोठा मायनस नंबर असणाऱ्यांच्या डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) ताणलेला असतो. अचानक खूप काळे ठिपके तरंगू लागले, विजेसारखे झोत दिसले किंवा नजरेसमोर एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर ते स्क्रीनमुळे असेल म्हणून झोपून जाऊ नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.