विश्वासातून नकळत वाहवत जाणं: या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचा बायबल अभ्यासवर्ग घेता घेता एक गोष्ट पक्की कळली. ठरवून विश्वास सोडणारे फार थोडे असतात, बाकीचे वाहवत जातात. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवातच या इशाऱ्याने होते: जे ऐकलं आहे त्याकडे विशेष लक्ष द्या, नाहीतर त्यापासून वाहवत जाल. त्या वचनात कुठल्याही भयंकर पापाचं नाव नाही. लक्ष उडालं की तेवढंच पुरतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी त्याच त्या चुका वर्षानुवर्षं दिसत राहतात आणि दर वेळी जीव तुटतो.

मोठं पाप झालं नाही म्हणून निर्धास्त राहणं

अब्राहामाचा पुतण्या लोट, त्याची गोष्ट आपण सदोम या पापी शहराच्या नाशापासून सांगतो. ती सुरू होते उत्पत्तीच्या 13व्या अध्यायात. त्याने यार्देनेचं खोरं पाहिलं, भरपूर पाणी पाहिलं आणि आपला तळ सदोमाच्या दिशेने हलवत नेला. 14व्या अध्यायात तो सदोमातच राहतो आहे. 19व्या अध्यायात तो गावाच्या वेशीत बसलेला दिसतो, म्हणजे जिथे गावातली वजनदार माणसं बसत तिथे. मधल्या एकाही टप्प्यावर त्याने देवाला सोडल्याचं लिहिलेलं नाही. जनावरं होती, चारा-पाणी हवं होतं, प्रत्येक निर्णय व्यवहाराला धरून होता. आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात याच लोटाला नीतिमान म्हटलं आहे. म्हणून ‘मी काही वाईट वागत नाही’ हे उत्तर मला पुरत नाही.

माझी सवय सांगतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी मी वही घेऊन बसतो. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे, ते मी शब्दशः पाळतो. पूर्वी ज्या गोष्टीने मन टोचायचं आणि आता टोचत नाही, अशी एक तरी गोष्ट शोधून काढतो. ती हटकून सापडते.

सेवेत आहे म्हणजे विश्वासात आहे, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिला खतपाणी घालते ती मंडळीच. आमच्यात एक भाऊ होता. ध्वनिव्यवस्था, खुर्च्या, दानाचा हिशेब, शिबिराची नोंदणी, सगळं त्याच्यावर. उपासनेला सर्वांत आधी यायचा तो आणि शेवटी कुलूप लावायचाही तोच. पण संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झाला की हा मागच्या खोलीत, कधी माइकचे सेल बदलायला तर कधी दान मोजायला. कुणालाही खटकलं नाही. उलट नवं काम निघालं की तेही त्याच्याच गळ्यात.

मग त्याची नोकरी बदलली, कामं इतरांनी वाटून घेतली आणि तो यायचा थांबला. आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. भांडण नव्हतं, राग नव्हता. अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “आता येऊन मी तिथे करू काय?”

निघण्याआधी एखादं स्तोत्र वाचावं म्हणून त्याने स्वतःचं पवित्र शास्त्र माझ्या हाती दिलं. ते मागच्या बाजूने उघडलं गेलं. शेवटच्या कोऱ्या पानांवर खुर्च्यांच्या ओळींचा आराखडा होता, वादकांचे फोन नंबर होते, सेल कधी बदलले त्या तारखा होत्या. स्तोत्रसंहितेची पानं मात्र अजून कडेने एकमेकांना चिकटलेली, ती मला नखाने सोडवावी लागली. तो ते बघत होता. म्हणाला, “स्वतःसाठी शेवटचं कधी उघडलं, आठवत नाही.”

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचा. श्रम आहेत, धीर आहे, खोट्या प्रेषितांना पारखून बाजूला काढण्याइतकी शिकवणीची जाण आहे. एवढं सगळं मान्य करून प्रभू म्हणतो की तू पहिली प्रीती सोडली आहेस. त्या भावाचं नेमकं हेच झालं होतं, आणि आम्ही दर रविवारी त्याचे आभार मानत बसलो होतो.

तो परत आला. पुष्कळ महिने त्याला एकही काम द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तेव्हापासून माझा आग्रह असतो की ज्याच्याकडे काम आहे त्याने संदेशाच्या वेळी आत येऊन बसायचंच. दान नंतरही मोजता येतं. शिबिराहून परतल्या परतल्या ‘मला पुढे उभं राहून गायचंय, बोलायचंय’ म्हणणाऱ्यांना मी सरळ थांबवतो. रागावतात, रागावू देत. मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा असं पौलाने तीमथ्याला बजावलं आहे. ती काळजी बाकीच्या जबाबदाऱ्यांतही घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

वचन पुढे पाठवणं म्हणजे वचन वाचणं, असं धरणं

सकाळी फोनवर आलेलं वचन चार गटांत पाठवलं की शांत वेळ, म्हणजे रोजचं वाचन आणि प्रार्थना, झाली, असं मानणारे वाढले आहेत. सगळ्यात जास्त फिरतं ते यिर्मया 29:11, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत ते. पाठवणाऱ्याला मी विचारतो, दहावं वचन काय आहे? त्यात बाबेलची 70 वर्षं आहेत. बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते: घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण परत यायला वेळ लागणार आहे. फिलिप्पै 4:13 चंही तसंच. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’ असं तिथे कैदेतला पौल म्हणतो, ते उपाशी राहण्याविषयी आणि तृप्त असण्याविषयी, परीक्षेतल्या गुणांविषयी नाही.

अर्धं वचन काही दिवस आधार देतं. मग नोकरी मिळत नाही, आजार बरा होत नाही आणि माणूस म्हणतो, देवाने शब्द पाळला नाही. तिथून वाहवत जाणं सुरू होतं. म्हणून मागचा-पुढचा अध्याय वाचल्याशिवाय मी वचन कुणाला पाठवत नाही. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत असतो, आणि एक स्तोत्र मोठ्याने वाचतो. 150 स्तोत्रं आहेत, पाच महिन्यांत एक फेरी होते. 119वं लांब आहे, त्याला दिवस जास्त द्या. दुप्पट वेगाने संदेश ऐकण्याची सवय मला अजिबात मान्य नाही.

काही चुका, थोडक्यात

घरबसल्या ऑनलाइन उपासना: आजारी माणसाला वरदान, धडधाकट माणसाची पळवाट.

जुनं भांडण तसंच ठेवून दान देत राहणं. मत्तय 5:23-24 वाचा आणि आधी त्या भावाकडे जा.

आपल्याला कुणी काही सांगायचं नाही, अशी व्यवस्था करून ठेवणं. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे हे अफाट ताकदीच्या शमशोनाला, त्याचे केस कापले गेल्यावर, स्वतःला कळलं नव्हतं. प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा, असं इब्री 3:13 सांगतं ते याचसाठी. मी दोन जणांना विचारण्याची मोकळीक दिली आहे, आणि ते विचारतातही.

कोरडेपणाला घाबरून पळणं

प्रार्थनेत काही जाणवत नाही म्हणजे विश्वास संपला, असं नाही. 88वं स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, पण सगळं बोलणं देवाशीच चालू असतं. बोलणं चालू आहे तोवर माणूस वाहवलेला नाही. उदासी फार दिवस उतरत नसेल तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

परतताना सगळं एकदम भरून काढायचा प्रयत्न

जाग आली की नवखे लोक कंबर कसतात: पहाटे चारला उठणार, उपवास धरणार, तीन महिन्यांत अख्खं शास्त्र संपवणार. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जेमतेम पोचतात आणि आधीपेक्षा लांब जातात. इफिसला सांगितलं ते इतकंच होतं: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. आधीसारखी भावना मनात आण, असं तिथे म्हटलेलं नाही. लूक 15 मधल्या, घर सोडून सगळं उधळून परतणाऱ्या मुलानेही भाषण तयार केलं होतं, मला मोलकऱ्यासारखं ठेवा म्हणून. ते वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बापाने झगा आणायला सांगितला होता.

तर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय आहेत, रोज एक वाचा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचू नका, जिथे थांबलात तिथूनच पुढे जा. आणि येत्या रविवारी मागच्या दाराशी न थांबता आत येऊन बसा.