बोट ट्रेलरच्या चाकाचं बेअरिंग: पाणी कसं शिरतं, ग्रीस कसं भरायचं

बोट ट्रेलरचं बेअरिंग खराब होतं ते बहुतेक वेळा पाणी शिरल्यामुळे. रस्त्यावरून आल्यावर हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) तापलेला असतो, आतली हवा पण गरम, आणि तसाच थेट थंड पाण्यात घातला की ती हवा आकसते आणि मागच्या सीलमधून (पाणी अडवणारी रबरी कडी) पाणी आत ओढून घेते. म्हणून धक्क्यावर पोचलात की आधी पट्टे सोडा, सामान बोटीत चढवा, हब हाताला गार लागेपर्यंत वेळ जाऊ द्या, मगच ट्रेलर पाण्यात उतरवा.

वर्षातून एकदा हब खोलायचाच, खाऱ्या पाण्यात जात असाल तर त्याच्याही आधी. दुसऱ्या चाकांना ठोकळे लावा, जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, चाक वर-खाली धरून हलवून बघा, मग फिरवा. प्ले (ढिलेपणा) जास्त वाटला किंवा खरखर ऐकू आली तर बेअरिंग संपत आलंय समजा. कॅप, स्प्लिट पिन (नट अडकवून ठेवणारी पिन), नट, वॉशर काढलं की बाहेरचं बेअरिंग हातात येतं, आतलं मागच्या सीलच्या आड असतं. ग्रीस दुधाळ दिसलं म्हणजे पाणी गेलंय.

रॉकेलने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या, पण कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका, रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो. रोलरवर खड्डे, गंज किंवा निळसर झाक दिसली तर रेससकट (रोलर जिच्यावर फिरतात ती रिंग) बदला, जुन्या रेसवर नवीन बेअरिंग टिकत नाही.

आता ग्रीस, इथे घाई नको. मरीन ग्रीसच घ्या आणि जुन्यात वेगळ्या प्रकारचं मिसळू नका. तळहातावर गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत ओढत राहा, वरच्या अरुंद बाजूने रोलरच्या फटीतून ग्रीस बाहेर यायला लागलं की थोडं फिरवून पुढचा भाग, असं पूर्ण गोल. नुसतं वरून चोपडून काही होत नाही.

सील आणि स्प्लिट पिन दरवेळी नवीन. टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरचं) असेल तर चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे बेअरिंग नीट बसतं, मग सैल करून फक्त बोटांनी घट्ट करा आणि पिन घाला. स्प्रिंगवाली ग्रीस कॅप असेल तर पिस्टन बाहेर सरकायला लागला की पंप थांबवा, जास्त दाबलं तर मागचं सील उडतं आणि ग्रीस ब्रेकवर जातं.

थोडे किलोमीटर चालवून थांबा, दोन्ही हबना जपून हात लावा. एक जास्त तापला असेल तर बहुधा त्याचा नट जास्त आवळलाय.