नॉर्डिक कम्बाइन्ड टीम स्प्रिंट: दोघांनी शर्यत कशी आखावी

नॉर्डिक कम्बाइन्ड म्हणजे स्की-उडी आणि बर्फावरची क्रॉस-कंट्री स्की शर्यत यांचा जोडखेळ. टीम स्प्रिंटमध्ये संघात दोघेच. आधी प्रत्येकाची एक स्की-उडी, मग मुक्त शैलीतले क्रॉस-कंट्री स्कीइंग, प्रत्येकी ७.५ किमी. १.५ किमीचा फेरा असेल तर आळीपाळीने पाच-पाच फेरे. उड्यांच्या गुणांतला फरक सेकंदांत बदलतो आणि पुढे असलेला संघ तेवढा आधी सुटतो.

उडीच्या मोठ्या टेकडीवर (लार्ज हिल) एका मीटरला १.८ गुण, म्हणजे ५ मीटर कमी पडले की ९ गुण गेले. शिवाय जमिनीवर उतरताना एक पाय पुढे ठेवण्याची ढब, म्हणजे टेलीमार्क, न साधल्यास पंच शैलीचे गुण कापतात. टेक-ऑफ, म्हणजे उताराच्या टोकावरून झेप, उशिरा झाला तर धक्का हवेतच वाया जातो.

शेवटचा फेरा दुसऱ्या क्रमांकाच्या स्कीयरकडे असतो. म्हणून अंतिम चढाओढीत वेग काढणारा दुसरा ठेवा. पहिला असा हवा, जो एकटा पडला तरी लय सोडत नाही.

पहिल्याच फेऱ्यात फरक भरून काढायची घाई नडते. पाय भरून येतात आणि जोडीदाराचा फेरा संपेपर्यंतची विश्रांती पुरत नाही. त्या वेळात बसू नका, हलके चालत राहा. फेरा जोडीदाराकडे सोपवताना ठरलेल्या बदली क्षेत्रातच त्याला हाताने स्पर्श करा. बाहेर केलेला स्पर्श नियमबाह्य. थांबलेल्याने आधीच सरकायला लागावे, नाहीतर दर बदलीला सेकंद गळतात.