पोर्ट-चॅनलवर स्पॅनची प्रत कशी उतरवावी

स्पॅन म्हणजे स्विचच्या एका पोर्टवरील वाहतुकीची प्रत तपासणीसाठी दुसऱ्या पोर्टवर उतरवण्याची सोय. एक गिगाबिटचा फुल-डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणारा आणि घेणारा) पोर्ट दोन्ही दिशांनी भरून वाहत असेल, तर त्याची प्रत २ गिगाबिटपर्यंत जाते, आणि ती एकाच गिगाबिट पोर्टवर उतरवली की मावत नाहीत ती पॅकेट्स स्विच मुकाट्याने टाकून देतो. हिंजवडीतल्या आमच्या सर्व्हर रूममध्ये या गळतीचा दोष आम्ही दोन दिवस कॅप्चर सर्व्हरलाच, म्हणजे ती प्रत नोंदवून घेणाऱ्या यंत्रालाच, देत होतो. स्विचवरील 'शो इंटरफेसेस' या आज्ञेत आउटपुट ड्रॉप्सचा (बाहेर न जाता टाकलेल्या पॅकेट्सचा) आकडा वाढताना दिसला, तेव्हा डोळे उघडले.

अशा वेळी दोन पोर्टांचे बंडल (पोर्ट-चॅनल, म्हणजे एकच जोडणी म्हणून वागणारे पोर्ट) करून तेच प्रतीचे डेस्टिनेशन म्हणून द्यावे. सिस्कोच्या कॅटालिस्ट ६५०० मालिकेत ही सोय आहे, पण प्रत्येक स्विचमध्ये ती असेलच असे नाही. म्हणून आपल्या मॉडेलचे कॉन्फिगरेशन गाइड आधी पाहावे. दोन्ही पोर्टांवर 'चॅनल-ग्रुप १० मोड ऑन' द्यावे आणि मग 'मॉनिटर सेशन १'मध्ये सोर्स म्हणून मूळ पोर्ट, तर डेस्टिनेशन म्हणून 'पोर्ट-चॅनल १०' लिहावे. येथे एलएसीपी, म्हणजे दोन्ही टोकांनी आपसांत बोलून बंडल जुळवण्याचा प्रोटोकॉल, चालत नाही. सवयीने 'मोड ॲक्टिव्ह' (हा एलएसीपीचाच मोड) लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

बंडलमधली वाटणी पॅकेटगणिक होत नाही, तर हॅशनुसार, म्हणजे पॅकेटमधल्या पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यानुसार, होते. हॅश केवळ सोर्स पत्त्यावर ठेवला, तर एकाच संवादाची विचारणा एका तारेवर आणि उत्तर दुसऱ्या तारेवर जाऊ शकते. दोन तारा दोन वेगळ्या कॅप्चर सर्व्हरना जोडल्या असतील, तर कोणाकडेच पूर्ण संवाद राहत नाही. त्यामुळे 'पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स सोर्स-डेस्टिनेशन-आयपी' ठेवणे श्रेयस्कर. मात्र हा बदल बहुधा संपूर्ण स्विचला लागू होतो, म्हणून तो कामाच्या वेळेत करू नये.

दोन्ही तारा एकाच लिनक्स सर्व्हरमध्ये येत असतील, तर तेथील बाँड (दोन नेटवर्क कार्डांची जोडी) ॲक्टिव्ह-बॅकअप प्रकारचा, म्हणजे एक कार्ड चालू आणि दुसरे राखीव असा, नसावा, कारण त्यात निष्क्रिय कार्डावर आलेली पॅकेट्स टाकून दिली जातात आणि निम्मी प्रत हातची जाते.

सर्व जोडून झाल्यावर दोन्ही सदस्य पोर्टांचे आउटपुट आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकाचाच आकडा पळत असेल, तर बहुतेक वाहतूक दोनच यंत्रांमधली आहे, उदाहरणार्थ रात्रीचा बॅकअप. ती हॅशच्या हिशोबाने एकाच तारेवर जाणार, आणि तिच्यासाठी बंडल न वाढवता १० गिगाबिटचा एकच पोर्ट घ्यावा.