पिचर विरुद्ध पिचर: मालिकेचा अंदाज लिहिताना या चुका टाळा

न्यूयॉर्कचे यांकीज आणि बॉस्टनचे रेड सॉक्स यांची मालिका लागली की आमच्या बेसबॉलवेड्या मराठी ग्रुपवर आदल्या दिवसापासून एकच उद्योग सुरू होतो. कुणीतरी दोन पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची) नावं लिहितं, मध्ये 'विरुद्ध' टाकतं, दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडतं आणि ज्याचे आकडे देखणे त्याच्या संघाला जिंकवून मोकळं होतं. मीही कैक वर्षं हेच केलं.

पण हे दोघे एकमेकांशी खेळतच नाहीत! मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगमध्ये 1973 पासून आणि नॅशनल लीगमध्ये 2022 पासून पिचरच्या जागी दुसराच फलंदाज बॅट घेऊन येतो. (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा ओहतानी अपवाद. तो कशाला अपवाद नाही?) तेव्हा 'कोण भारी' हा प्रश्न सोडा. हा पिचर समोरच्या नऊ जणांना, या मैदानावर, किती इनिंग (सामन्यात नऊ असतात) पुरेल, एवढंच बघायचं असतं.

जिंकले-हरले बघून पिचर जोखू नका

पिचरच्या नावापुढची ही जोडी सगळ्यात फसवी. 2018 सालचा न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाचा जेकब डीग्रॉम आठवा. 10 विजय, 9 पराभव. नुसतं हे वाचलं तर गडी बेताचाच वाटेल. प्रत्यक्षात त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या ढोबळ चुकांच्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, होता 1.70. त्याने 217 इनिंगमध्ये 269 स्ट्राइकआउट केले (म्हणजे तितके फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद), त्या मोसमात सलग 29 सामन्यांत एकदाही तीनपेक्षा जास्त धावा दिल्या नाहीत आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार नेला. त्याच्याच संघाच्या बॅटी झोपलेल्या, त्याला तो काय करणार?

ईआरए त्यातल्या त्यात बरा, पण त्यातही मागच्या क्षेत्ररक्षकांचा हात असतो. पिचरच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टी तीन: स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फुकट दिलेला बेस) आणि होम रन (मैदानाबाहेर गेलेला फटका). गेल्या चार-पाच सामन्यांतले हे तीन आकडे काढा आणि फास्टबॉलचा वेग मोसमाच्या सुरुवातीपेक्षा उतरलाय का तेही बघा.

'हा त्याला नेहमी फोडतो'

नऊ वेळा समोर आला आणि चार हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारले, यावरून काहीही सिद्ध होत नाही. त्यातल्या दोन हिट तीन वर्षांपूर्वीच्या असतात आणि पिचरने मधल्या काळात नवा चेंडू शिकलेला असतो. अशा ओळी मी आता सरळ खोडतो.

तरी एक प्रसंग डोक्यातून जात नाही. 14 सप्टेंबर 2024, यांकी स्टेडियम. गेरिट कोल पिचर, समोर रेड सॉक्सचा राफाएल डेव्हर्स, ज्याने कोलला तोवर आठ होम रन ठोकले होते. पहिल्या इनिंगमध्ये कोलचा चेंडू डेव्हर्सला लागलेला. चौथ्या इनिंगमध्ये यांकीज 1-0 ने पुढे, एक बाद, बेसवर चिटपाखरू नाही. डेव्हर्स उभा राहिला आणि कोलने चार बोटं वर केली: जा बाबा, पहिला बेस फुकट घे. साय यंग विजेता पिचर रिकाम्या बेसवर असं करतोय, हे बघून मी चहाचा कप तसाच धरून बसलो. त्याच इनिंगमध्ये रेड सॉक्सने आघाडी घेतली आणि सामना 7-1 ने नेला.

म्हणजे आकडा लहान असला तरी तो पिचरच्या डोक्यात बसला असेल तर मोजावा लागतो. असं मोसमात एखाद-दुसऱ्या जोडीबद्दलच म्हणता येतं. आणि हो, डेव्हर्स जून 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला, त्यामुळे जुन्या याद्या चिकटवण्याआधी कोण कुठे आहे ते तपासा.

मैदान विसरू नका

यांकी स्टेडियमची उजवी कड फलंदाजापासून जेमतेम 314 फूट. डावखुरा फलंदाज चेंडू ओढतो तो तिकडेच, त्यामुळे उंच फटके देणाऱ्या पिचरची तिथे धडगत नसते. रेड सॉक्सच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे 310 फुटांवर 37 फूट उंच हिरवी भिंत आहे. दुसरीकडे सहज झेलला गेला असता असा उंच चेंडू तिथे भिंतीवर आपटून डबल (दोन बेसची हिट) होतो, आणि सणसणीत सपाट फटका होम रन व्हायचा तो भिंतीला थडकून परत येतो. एकाच पिचरचे दोन मैदानांवरचे आकडे एकाच तागडीत घालू नयेत ते यासाठी.

बुलपेनचा हिशेब

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बुलपेन, अर्थात राखीव पिचरांची फळी, विसरणं. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, आजकाल पाच-सहा इनिंग टाकतो. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्याला ओळखू लागतात, म्हणून मॅनेजर त्याआधीच बदली पिचर मागवायला फोन उचलतो. उरलेल्या तीन-चार इनिंग बुलपेनच्या. शुक्रवारी स्टार्टर तिसऱ्याच इनिंगमध्ये काढावा लागला तर रिलीव्हर, म्हणजे हे राखीव पिचर, पिळून निघतात आणि शनिवारी चांगला स्टार्टर असूनही शेवटी चेंडू थकलेल्या हातात जातो. रविवारचा अंदाज शुक्रवारी लिहिणं म्हणूनच फजूल. गेल्या तीन दिवसांत कुणी किती चेंडू टाकले, ही यादी सामन्याच्या दिवशी सकाळी बघा.

एकाच डिव्हिजनमधल्या (लीगमधल्या पाच संघांच्या गटातल्या) संघांत ही ओळख आणखी मुरते. 2023 पासून ते एकमेकांशी मोसमात 13 सामने खेळतात (आधी 19 व्हायचे). दोन आठवड्यांत तोच पिचर पुन्हा समोर आला तर मागच्या खेपेला कोणत्या चेंडूवर फसलो हे फलंदाजांना पाठ असतं. आधीच्या सामन्याची नुसती धावसंख्या लिहू नका, त्याने कोणता चेंडू जास्त वापरला ते लिहा.

नाव ऐन वेळी बदललं तर

जाहीर झालेलं नाव हे 'संभाव्य'च असतं. पाऊस, दुखरा खांदा, डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने), काहीही होतं. नवा माणूस डावखुरा की उजवा, हे आधी बघा, कारण त्यावर समोरची अर्धी बॅटिंग ऑर्डर बदलते. बाकीचं नंतर दुरुस्त करता येतं.

तारीखही जपा. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी 7:05 म्हणजे पुण्यात शनिवारी पहाटे 4:35. मी एकदा 'शनिवारचा सामना' म्हणून दणक्यात लिहिलं, चारजणांनी शनिवारी रात्री मोबाईल उघडले, तोवर तो सामना संपून अर्धा दिवस उलटला होता. आता मी दोन्हीकडची वेळ पहिल्याच ओळीत टाकतो.